मंत्र्याला उत्तरात बांधायचे कसे? मतदारसंघाच्या प्रश्नासाठी आमदाराच्या हातातली आयुधे

अधिवेशन सुरू झाले की विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक झळकतात, घोषणा होतात, कॅमेरे सरसावतात. संध्याकाळी बातमी येते आणि मतदारसंघात क्लिप फिरते. पण पायऱ्यांवर बोललेले एक अक्षरही सभागृहाच्या कार्यवाहीत जात नाही, आणि त्याला उत्तर देण्याचे बंधन कोणत्याच मंत्र्यावर नसते. आत मात्र प्रश्नोत्तरांच्या तासात मंत्री उभा राहून ‘ही पदे ३१ मार्चपूर्वी भरू’ असे म्हणाला, की ते वाक्य नोंदले जाते. मंत्र्यांच्या आश्वासनांची पूर्तता तपासणाऱ्या ‘आश्वासन समिती’कडे ते जाऊ शकते आणि पुढच्या अधिवेशनात त्याच मंत्र्याला वाचून दाखवता येते. आमदाराची सगळी खटपट या एका वाक्यासाठी असायला हवी. त्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: कोण करणार, किती पैशात करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत करणार.

पहिल्यांदा निवडून आलेले आमदार, त्यांचे स्वीय सहायक आणि फाइल काखेत घेऊन आमदाराकडे जाणारे नागरिक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. उदाहरणे महाराष्ट्राची आहेत.

एक आकडा आधी सांगतो, कारण तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६४(२) प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि १५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे मुख्यमंत्री धरून मंत्री ४३ पेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. म्हणजे किमान २४५ सदस्यांचे घटनेने नेमून दिलेले काम मंत्र्यांना विचारण्याचे आहे, मग ते कोणत्याही बाकांवर बसोत.

## आधी ठरवा: प्रश्न नेमका कोणाचा?

निम्मे प्रश्न इथेच वाया जातात. खड्डा पडलेला रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेचा. प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर विषय केंद्राचा. तिथे राज्याच्या मंत्र्याला फार तर भूसंपादनाबद्दल किंवा राज्याच्या यंत्रणेकडे दिलेल्या कामाबद्दल धरता येते. आरोग्यातही तसेच. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, तर ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकामार्फत थेट राज्याच्या आरोग्य विभागाकडे. रोहित्र जळाले तर महावितरण ही कंपनी आहे हे खरे, पण सभागृहात उत्तर ऊर्जामंत्र्यालाच द्यावे लागते. एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या तर परिवहनमंत्र्याला.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक कल्पित पण ओळखीचे उदाहरण धरू. तालुक्याच्या गावी ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय होते. त्याचे ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन, म्हणजे दर्जावाढ, मंजूर झाले. इमारत उभी राहिली, फीतही कापली गेली. पण वाढीव पदे मंजूर झालेली नाहीत, शस्त्रक्रियागृहाला कुलूप आहे, आणि बाळंतपणाची अवघड केस आली की रुग्णवाहिका जिल्ह्याच्या ठिकाणी पळते. इथे इमारत बांधकाम विभागाची, डॉक्टर आरोग्य विभागाचे आणि नवीन पदांना मान्यता वित्त विभागाशिवाय नाही. तिन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवणार, हे गृहीत धरूनच कामाला लागायचे.

## कागद गोळा करणे

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचाही, त्यामुळे इथे जरा थांबतो.

विधिमंडळात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मंत्री स्वतः लिहीत नाही. प्रश्न मंत्रालयातल्या संबंधित कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे जातो. तिथून माहिती मागवायला जिल्ह्यात येतो आणि जिल्ह्यातला अधिकारी जे लिहून पाठवतो तेच कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशा शिडीने वर चढत मंत्र्याच्या हातात पडते. म्हणजे ज्याच्या कारभाराबद्दल तुम्ही विचारता आहात, उत्तराचा कच्चा मसुदा बहुधा त्याच्याच कार्यालयात तयार होतो. मंत्री सभागृहात चुकीचे बोलतो तेव्हा तो दरवेळी खोटे बोलत असतो असे नाही. त्याच्यापर्यंत तेवढेच पोचलेले असते. म्हणून खालचा कागद आमदाराकडे मंत्र्याच्या आधी असायला हवा.

रुग्णालयाच्या उदाहरणात जमवायच्या गोष्टी अशा: श्रेणीवर्धनाचा शासन निर्णय, तारीख आणि क्रमांकासह. इमारतीची प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचा तक्ता. हजेरीपत्रकाची माहिती. गेल्या वर्षभरात पुढे पाठवलेल्या (संदर्भित केलेल्या) रुग्णांची संख्या. पदनिर्मितीचा प्रस्ताव जिल्ह्यातून कधी निघाला, उपसंचालकांकडून कधी पुढे गेला आणि आज कोणत्या टेबलावर आहे.

शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. बाकीचे कागद आमदाराच्या पत्राने मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ आहेच. त्यात उत्तराची मुदत ३० दिवसांची. आमदाराने माहितीचा अर्ज करण्यात कमीपणा कसला? उलट अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी कार्यकर्त्याच्या किंवा गावातल्या जाणत्या माणसाच्या नावाने अर्ज टाकलेला असला, तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

पदांच्या तक्त्यात एक मेख असते. कागदावर पद ‘भरलेले’ दिसते, पण त्या पदावरचा डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्याच ठिकाणी काम करत असतो. पगार इथून, सेवा तिथे. त्यामुळे ‘भरलेली पदे किती’ एवढेच विचारले तर आकडा छान येतो. ‘प्रत्यक्ष कार्यरत किती’ हे शब्द घातल्याशिवाय खरे चित्र बाहेर येत नाही.

पंचायत समितीची वार्षिक आमसभा आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते. ती अनेक ठिकाणी हारतुऱ्यांत आणि आरडाओरड्यात संपते. वास्तविक तालुक्यातले झाडून सगळे खातेप्रमुख त्या दिवशी एका मांडवाखाली बसलेले असतात. तिथे झालेली उत्तरे इतिवृत्तात लिहून घेतली, की पुढे मंत्र्याच्या उत्तराशी ती ताडून पाहता येतात. तालुक्यातला अधिकारी आमसभेत एक सांगतो आणि विधिमंडळात त्याच विषयावर दुसरेच छापून येते, असे निघाले तर तुमचा उपप्रश्न आपोआप तयार झाला.

## पत्र, आणि पत्रावरचा शेरा

थेट सभागृहात जाण्याआधी एक लेखी पत्र मंत्र्याला द्यावे. शिष्टाचार म्हणून आणि पुरावा म्हणूनही. पत्र एका विषयाचे असावे, एका पानाचे असावे आणि शेवटी मागणी एका वाक्यात असावी. एकाच पत्रात रस्ता, रुग्णालय, बसस्टँड आणि कोणाची तरी बदली असे सगळे कोंबले, की ते पत्र कोणत्याच कार्यासनाचे राहत नाही.

मंत्री पत्रावर शेरा मारतात: ‘तपासून सादर करावे’, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’, ‘प्रस्ताव सादर करावा’. कार्यकर्ते तो शेरा मोबाइलवर टाकून ‘काम मंजूर’ म्हणून मिरवतात. शेरा म्हणजे मंजुरी नव्हे. शेऱ्यानंतर पत्र कोणत्या विभागाकडे गेले, त्याचा आवक क्रमांक किंवा ई-ऑफिसमधला फाइल क्रमांक काय, हे स्वीय सहायकाने त्याच आठवड्यात वहीत उतरवले पाहिजे. तो क्रमांक हातात नसला, तर पुढे पाठपुरावा कशाचा करणार?

फाइल अडून बसली असेल तर २००५ चाच आणखी एक कायदा उपयोगी पडतो. बोलीभाषेत त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसलेल्या प्रकरणावर ४५ दिवसांत आणि पाठवावी लागणाऱ्या प्रकरणावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे त्यात आहे. कायदा जुना झाला, पण पत्रात त्याचा उल्लेख आला की कार्यासन जरा सावरून बसते.

## कोणते आयुध कशासाठी

विधिमंडळात या साधनांना ‘आयुधे’ म्हणतात, आणि नवखे आमदार बहुतेक वेळा चुकीचे आयुध उचलतात.

*तारांकित प्रश्न.* तोंडी उत्तर, त्यावर उपप्रश्न, आणि मंत्री समोर उभा. प्रश्न अधिवेशनाच्या काही आठवडे आधी, विधिमंडळ सचिवालय जाहीर करते त्या मुदतीत द्यावा लागतो. मुदत चुकली की अधिवेशन गेले. यादीत वरचा क्रमांक मिळणे नशिबाचा भाग आहे. तासाभरात मोजकेच प्रश्न तोंडी होतात आणि राहिलेल्यांची छापील उत्तरे मिळतात.

*अतारांकित प्रश्न.* फक्त लेखी उत्तर. याला कोणी भाव देत नाही, पण आकडेवारी काढायला यासारखे साधन नाही. तालुकानिहाय रिक्त पदे, मंजूर आणि वितरित निधी, असा कोरडा तपशील अतारांकितातून काढावा आणि पुढच्या अधिवेशनात त्यावर तारांकित रचावा.

*लक्षवेधी सूचना.* विधानसभेच्या नियम १०५ खाली. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी. मंत्र्याचे लेखी निवेदन येते, मग सूचना देणारे सदस्य प्रश्न विचारतात. स्थानिक विषयाला सगळ्यांत जास्त न्याय बहुधा इथेच मिळतो, म्हणूनच गर्दीही इथेच असते. एका तालुक्याचा विषय म्हणून दिली तर मागे पडण्याची भीती असते. शेजारच्या तीन-चार तालुक्यांत तीच अडचण असेल तर त्या आमदारांच्या सह्या घ्याव्यात, मग पक्ष कोणताही असो. घटना ताजी हवी. रुग्णालय तीन वर्षे बंद आहे ही तक्रार झाली. गेल्या पंधरवड्यात तिथून परत पाठवलेला रुग्ण वाटेत दगावला, ही तातडी.

*अर्धा तास चर्चा.* आधीच्या प्रश्नाचे उत्तर अपुरे असेल तर. फार कमी आमदार ही वापरतात. संध्याकाळी, रिकाम्या बाकांसमोर होते, म्हणून असेल. पण रिकाम्या सभागृहात मंत्रीही निवांत असतो आणि कधी कधी मोकळेपणाने कबूल करतो.

*औचित्याचा मुद्दा.* मिनिटभरात विषय मांडून मोकळे होता येते. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. नोंद होते, एवढाच लाभ.

नियम २९३ खालची (एखाद्या सार्वजनिक विषयावरची) चर्चा, स्थगन प्रस्ताव (कामकाज थांबवून चर्चेची मागणी), अविश्वास ही मोठ्या राजकारणाची साधने आहेत. एका रुग्णालयासाठी स्थगन मागणारा आमदार बातमीत येतो आणि प्रस्ताव अध्यक्षांच्या दालनातच फेटाळला जातो. २९३ च्या चर्चेत मात्र आरोग्याचा विषय लागला, तर आपल्या तालुक्याचे आकडे घेऊन वेळ मागून घ्यावा.

विधान परिषदेला विसरू नये. तिथे ७८ सदस्य आहेत. मंत्रिमंडळ तिला जबाबदार नसले, तरी प्रश्न आणि लक्षवेधी तिथेही असतात. विधानसभेत बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, मागे पडलेला विषय जिल्ह्यातल्या परिषद सदस्यामार्फत वरच्या सभागृहात लागू शकतो. शेजारच्या गोव्यात विधानसभाच ४० जणांची आहे. तिथल्या आमदाराला मंत्री गाठायला इतकी रांग लावावी लागत नाही, याचा हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

## प्रश्नाचा मसुदा: ‘उद्भवत नाही’ला जागाच ठेवू नका

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास विलंबाची कारणे काय’ अशी भागांची साखळी. या साखळीतच सापळा आहे. पहिला भाग नाकारला, की पुढचे सगळे भाग गळून पडतात.

नवख्याचा प्रश्न असा असतो:

(१) अमुक येथील रुग्णालयात डॉक्टर नसल्याने रुग्णांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?

उत्तर येते: (१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.

एक डॉक्टर असला तरी ‘डॉक्टर नसल्याने’ खोटे ठरते आणि ‘अतोनात हाल’ मोजायचे कशाने? आता तोच विषय असा मांडून पाहा:

(१) अमुक येथील ग्रामीण रुग्णालयाचे ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन करण्यास शासनाने अमुक दिनांकाच्या निर्णयान्वये मान्यता दिली आहे, हे खरे आहे काय;
(२) सदर रुग्णालयात आजमितीस मंजूर, भरलेली व प्रत्यक्ष कार्यरत पदे संवर्गनिहाय किती आहेत, तसेच किती अधिकारी प्रतिनियुक्तीने अन्यत्र कार्यरत आहेत;
(३) वाढीव पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनास कोणत्या दिनांकास प्राप्त झाला व तो सध्या कोणत्या विभागाकडे, किती कालावधीपासून प्रलंबित आहे;
(४) सदर पदांना मान्यता केव्हापर्यंत देण्यात येईल, व तोपर्यंत कोणती पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे?

पहिला भाग सरकारचाच निर्णय, तो नाकारता येत नाही. दुसरा आणि तिसरा ‘असल्यास’वर टांगलेले नाहीत; ते स्वतंत्र उभे आहेत. विशेषणे सगळी काढून टाकली आहेत. न्यायप्रविष्ट बाब, आरोप, तर्क, मतप्रदर्शन असे काही आले की प्रश्न सचिवालयातच अडकतो. त्यामुळे मसुद्यातला राग उपप्रश्नासाठी राखून ठेवायचा.

छापील उत्तर हाती आल्यावर ते वाचायचीही एक रीत आहे. ‘हे अंशतः खरे आहे’ म्हणजे गाभा खरा आहे, फक्त तुमचा एखादा आकडा चुकला. तो कोणता ते शोधा. ‘माहिती घेण्यात येत आहे’ म्हणजे जिल्ह्यातून उत्तर वेळेत पोचले नाही. ‘बाब तपासण्यात येत आहे’ म्हणजे कोणीच काही करत नाही. ‘विलंब झालेला नाही’ असे उत्तर आले आणि तुमच्याकडे प्रस्तावाच्या आवक तारखेची प्रत असली, तर त्या दिवशी सभागृहात मजा येते.

## उभे राहिल्यावर

तोंडी प्रश्नाला मिळणारी मिनिटे फार थोडी. त्यात पार्श्वभूमी सांगत बसू नये. ‘माझा तालुका डोंगराळ, माझ्या तालुक्याची थोर परंपरा’ इथवर येईतो अध्यक्ष पुढचे नाव पुकारतात. तीन उपप्रश्न लिहून नेलेले असावेत, प्रत्येक दोन वाक्यांचा.

पहिला उपप्रश्न कबुलीचा: उत्तरात मंजूर इतकी आणि कार्यरत इतकी पदे दिली आहेत, म्हणजे शस्त्रक्रियागृह चालवायला आवश्यक तज्ज्ञ आज तिथे नाहीत, हे मंत्री मान्य करतात का? दुसरा तारखेचा. तिसरा पर्यायाचा: पदनिर्मिती होईपर्यंत प्रतिनियुक्तीवरचे डॉक्टर मूळ जागी परत आणणार का, आणि किती दिवसांत?

मंत्री म्हणणार, ‘लवकरात लवकर.’ तिथे खाली बसू नये. ‘अध्यक्ष महोदय, लवकरात लवकर म्हणजे कोणता महिना, एवढेच सांगावे.’ मंत्री म्हणणार, ‘प्रस्ताव वित्त विभागाकडे आहे.’ त्याला उत्तर एकच: वित्त विभागही याच सरकारचा आहे, जबाबदारी सामूहिक आहे, दोन खात्यांमधल्या फायलीसाठी रुग्णाने थांबायचे का? अधिकारी गॅलरीतून चिठ्ठी येईपर्यंत मंत्री इकडचे तिकडचे बोलत राहतो. चिठ्ठी आली की उत्तर बदलते. त्या क्षणी लक्ष हवे.

तरीही ठोस काही मिळाले नाही, तर अध्यक्षांकडे वळायचे. मागणी दोनपैकी एक. ‘उत्तर समाधानकारक नाही, प्रश्न राखून ठेवावा’ किंवा ‘संबंधित मंत्र्यांची व सचिवांची बैठक आपल्या दालनात लावण्याचे निर्देश द्यावेत.’ प्रश्न राखून ठेवला गेला तर खात्याला पुन्हा तयारीनिशी यावे लागते आणि ते त्यांना अजिबात आवडत नाही. बैठक मिळाली तर तिचे इतिवृत्त निघेपर्यंत पिच्छा सोडू नये. इतिवृत्ताविना झालेली बैठक म्हणजे चहापान.

अनुच्छेद १९४ मुळे सभागृहात केलेल्या वक्तव्यासाठी सदस्यावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. हे संरक्षण मोठे आहे, म्हणूनच ते जपून वापरावे. तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरचे नाव घेऊन त्याला झोडपणे सोपे असते, आणि तो बिचारा तिथे उत्तर द्यायला नसतो. पद विचारा, व्यवस्था विचारा, नाव टाळा.

## पैशाचा माग

तारीख मिळाली पण पैसा नाही, तर तारखेला अर्थ नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आपले काम शोधता आले पाहिजे. रस्त्यांची भांडवली कामे ५०५४ या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या नोंदीचा सांकेतिक क्रमांक), देखभाल-दुरुस्ती ३०५४ खाली, ग्रामविकासाची बरीच कामे २५१५ खाली, आरोग्याच्या इमारती ४२१० खाली. काम पुस्तकात आले म्हणून पेढे वाटण्याआधी तरतुदीचा रकाना पाहावा. नुसती टोकन (नावापुरती) तरतूद असेल, तर काम कागदावर जिवंत आहे इतकेच.

चार आकडे एका ओळीत मागावेत: प्रशासकीय मान्यतेची रक्कम, यंदाची तरतूद, प्रत्यक्ष वितरित निधी आणि झालेला खर्च. समजा मान्यता १२ कोटींची आणि तरतूद ५० लाखांची. या गतीने काम पुरे व्हायला २४ वर्षे लागतील. हा भागाकार सभागृहात करून दाखवला, की लांबलचक भाषणाची गरज उरत नाही. तरतूद आणि वितरण यांत फरक असतो हेही ध्यानात असू द्या. मंत्री तरतुदीचा आकडा अभिमानाने वाचतो. ठेकेदाराचे बिल मात्र वितरित निधीतून निघते.

मार्चमधल्या खातेनिहाय मागण्यांच्या चर्चेत कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करण्याची सूचना) देता येते. ती मंजूर होणार नाही हे सगळ्यांना माहीत असते, पण तिच्या निमित्ताने तालुक्याचा विषय त्या खात्याच्या नावावर नोंदला जातो. पुरवणी मागण्यांचे पुस्तक दर अधिवेशनात येते. आधीच्या अधिवेशनात मंत्र्याने ‘पुरवणी मागणीत तरतूद करू’ म्हटले असेल, तर पुस्तक हाती पडताच तेच पान उघडायचे.

जिल्हा नियोजन समितीची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते. तिथला निधी छोट्या कामांसाठी ठीक. आमदाराचा स्वतःचा निधी वर्षाला पाच कोटींचा आहे, आणि इथे एक मोह होतो. खात्याने न दिलेली रुग्णवाहिका आमदार निधीतून घेऊन टाकायची, फोटो काढायचा. लोकांची सोय होते, नाकारत नाही. पण त्याच दिवशी खात्याची जबाबदारी संपते आणि ड्रायव्हर, डिझेल, देखभाल यांचा वाद सुरू होतो. शक्यतो टाळावे, असे माझे मत.

## आश्वासन मिळाले. खरे काम आता

कार्यवाहीची प्रत मिळवून मंत्र्याचे नेमके शब्द काढून घ्या. आठवणीवर विसंबू नका. मंत्री ‘करू’ म्हणाला की ‘करण्याचा विचार करू’ म्हणाला, यात सगळा फरक आहे. मग त्याच आठवड्यात मंत्र्याला आणि सचिवाला पत्र: अमुक दिनांकास सभागृहात आपण असे सांगितले, त्यानुसार केलेली कार्यवाही कळवावी.

आश्वासन समिती मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांची पूर्तता तपासते आणि सचिवांना साक्षीला बोलावू शकते. आपले आश्वासन समितीच्या यादीत चढले आहे की नाही, हे आमदाराच्या कार्यालयाने स्वतः पाहावे. सुटले असेल तर समितीला लिहावे. बाकीच्या समित्यांचाही उपयोग आहे. पंचायती राज समिती दौऱ्यावर येणार म्हटले की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. लोकलेखा समिती नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालावर काम करते. हे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात आणि सगळे घरी निघालेले असतात. ते चाळून आपल्या जिल्ह्याचा परिच्छेद शोधला, तर पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न सरकारी शिक्क्यासह तयार मिळतो. रोजगार हमी, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला व बालकल्याण यांच्या समित्या विषयानुरूप.

मंत्र्याने जाणूनबुजून चुकीची माहिती दिली, तर हक्कभंगाची सूचना देता येते. जाणूनबुजून हे सिद्ध करणे कठीण, म्हणून धमकी म्हणून तिचा वापर करू नये. कागद पक्का असेल तेव्हाच.

## सत्ताधारी बाकांवरून विचारणे

‘आपल्याच मंत्र्याला अडचणीत कसे आणायचे?’ हा प्रश्न सत्ताधारी आमदाराला पडतोच. प्रत्यक्षात घरचा आहेर देणाऱ्या आमदारांना मंत्री जास्त गांभीर्याने घेतात, कारण विरोधकांचे बोलणे राजकारण म्हणून उडवून लावता येते. युक्ती साधी आहे: आधी दालनात भेटून सांगावे, मुदत द्यावी, आणि त्यानंतरच प्रश्न लावावा. प्रश्न लागल्यावर ‘मागे घ्या, काम करतो’ असा निरोप येतो. काम झाल्याचा आदेश हातात येईपर्यंत मागे घेऊ नये. प्रश्न लावायचे आणि दालनात मिटवायचे, असा लौकिक एकदा झाला की त्या आमदाराच्या प्रश्नाला कोणी विचारत नाही, आणि मतदारसंघात नको ती कुजबुज सुरू होते ती वेगळीच.

कारकिर्दीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवरून काम करूनही मतदारसंघाचे पाणी मागता येते, याचे उदाहरण सांगोल्याचे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तिथून ११ वेळा निवडून आले. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींबरोबर १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीत ते उभे राहिले. बाहेर पाणी परिषदा आणि आत विधानसभा, अशी दोन्हीकडून मागणी चालू ठेवली. बाहेर लोक उभे नसतील, तर आतल्या प्रश्नाचे वजन निम्मे होते. आणि आत विचारणारा नसेल, तर मोर्चाचे निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयातच राहते.

## वर्षाची आखणी

अधिवेशने साधारण तीन: फेब्रुवारी-मार्चमधले अर्थसंकल्पी, जून-जुलैतले पावसाळी आणि डिसेंबरमधले नागपूरचे हिवाळी. नागपूरचे अलीकडे दोन आठवड्यांत किंवा त्याच्याही आत आटोपते, त्यामुळे तिथे नवा विषय काढण्यापेक्षा जुन्या आश्वासनांची आठवण देणे जास्त फळते. पावसाळी अधिवेशनात माहिती काढायची, हिवाळीत लक्षवेधी लावायची, अर्थसंकल्पी अधिवेशनात पैसा मागायचा, असा एका विषयाचा वर्षभराचा रस्ता आखता येतो. असे विषय वर्षाला चार-पाच पुरे. प्रश्नांच्या संख्येवरून आमदारांची क्रमवारी लावणाऱ्या याद्या निघतात. त्या यादीत वर येण्यासाठी शेकडो प्रश्न टाकणारे कार्यालय एकाचाही पाठपुरावा करू शकत नाही.

आमदाराकडे जाणाऱ्या नागरिकाने निवेदन, सत्कार आणि फोटो यांत वेळ घालवू नये. शासन निर्णयाची प्रत, माहिती अधिकारातले उत्तर आणि वर दाखवला तसा चार भागांचा प्रश्नाचा मसुदा टाइप करून न्यावा, तोही अधिवेशनाच्या निदान दोन महिने आधी. स्वीय सहायक तो नुसता पुढे पाठवतो, इतके काम सोपे करून द्यावे. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे आमदारामार्फत अर्जही करता येतो. प्रश्न गेला की नाही, त्याचा क्रमांक काय, उत्तर काय आले, हे विचारायला पुन्हा जावे. छापील उत्तर मिळाले की त्याची झेरॉक्स रुग्णालयाच्या दारासमोरच्या चहाच्या टपरीवर लावावी. उत्तरातले ‘कार्यरत पदे सात’ हे वाचून तिथला शिपाईसुद्धा सांगेल, आत प्रत्यक्षात किती जण आहेत ते. आणि पुढचा उपप्रश्न तिथूनच मिळेल.